खारीवाल्याची ओंजळ

आधीच सांगून टाकतो. पळसबोडीच्या तलावात घाण सोडली ती मी. फावडी दुसऱ्यांची होती, घामही दुसऱ्यांचा होता, पण उतार मी दाखवला. आणि त्याबद्दल गावानं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. हार घालून घेताना मान खाली जातेच, तेवढ्यात आपल्या पायाखालून काय वाहणार आहे ते पाहावं एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. वय पंचावन्न होतं.

पळसबोडी हे आरमोरीपासून पाच कोसांवरचं बाजाराचं गाव. एका लांबट, उंच बरडावर घरं, एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. मी वारलू, या गावचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं हे ठरवायचं काम पाणकराचं. बाप तेच करी, आजाही तेच करी. गावातला प्रत्येक चढउतार माझ्या तळपायांना पाठ होता. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तोच पुढे नडला.

गावाला लागून असलेली खारी आमची होती. पावसात गल्लीबोळातलं शेणमूत, राख, बाजाराचा कचरा, घरामागची सांगायला लाज वाटावी अशी सगळी घाण धुऊन ज्या शेतात उतरते ती खारी. असल्या शेतात वेगळं खत घालावं लागत नाही. इतरांचं धान गुडघ्याला लागे तेव्हा आमचं कमरेला लागलेलं असे. लोक येताजाता बघत आणि म्हणत, गावाचं सोनं एकटा वारलू खातो.

पाणी काही आपल्या मनानं आमच्याकडे येत नव्हतं. घरांच्या मागे, तलावाच्या बाजूनं, माझ्या आज्यानं गुडघाभर उंचीची मातीची पाळ घातली होती. गल्ल्यांतलं पाणी तलावाकडे निघालं की पाळीला अडायचं, वळायचं आणि बरडाच्या टोकाला वळसा घालून खारीत उतरायचं. दर मृगाआधी ती पाळ लिंपायची जबाबदारी आमच्या घरावर होती.

आणखी एक रीत होती. पावसाळाभर गाव विहिरींचं पाणी पिई. दसऱ्यापर्यंत तलावाचा गाळ खाली बसे. मग दसऱ्याच्या सकाळी सगळं गाव घाटावर जमे, आणि ज्याची खारी त्यानं पायऱ्या उतरून तलावाची पहिली ओंजळ प्यायची. त्यानंतर बायका घागरी बुडवत. आज्याचा हात त्या वेळी इतका थरथरायचा की निम्मं पाणी बोटांतून सांडायचं, आणि आम्ही पोरं मागे उभी राहून हसायचो. बाप म्हणे, म्हातारपण आहे. बापाचा हात मात्र कधी थरथरला नाही. माझाही नाही. आम्ही तर त्या दिवशी धुतलेला पटका बांधून जात होतो, लग्नात गेल्यासारखे.

छप्पन साली सगळं उलटं झालं. मालगुजारी सुटून चार-पाच वर्षं झाली होती, तलाव आता कोणा एकाचा राहिला नव्हता, आणि लटारू आमचा सरपंच झाला होता. लटारूची जमीन माझ्या खारीला लागून, पण चढावर, मुरमाची. त्याच्या बांधीवरून दिसायचं ते फक्त माझं धान. माणूस वाईट नव्हता, पण रोज सकाळी उठून दुसऱ्याचं भरलेलं ताट बघायचं म्हणजे कोणाचंही पोट दुखेल. गावात पक्कं गटार बांधायला सरकारी मदत मिळाली तेव्हा भर सभेत त्यानं विचारलं की गावाचं सोनं एकट्याच्या खारीत काऊन जावं?

मला झोंबलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, गटार तलावात काढा. तलावाचं पाणी सगळ्यांच्या बांध्यांत जातं, म्हणजे खतही सगळ्यांना वाटून जाईल. मी पाणकर आहे, उतार मी दाखवतो.

बघा, किती सरळ हिशेब होता. आमच्या झाडीपट्टीत पाणी वाया घालवणं हे पाप, आणि पाण्याची जागा म्हणजे तलाव. लहान पोरालासुद्धा विचारलं तरी तेच सांगेल. त्या सभेत दीडशे माणूस होतं. हेच पाणी आपण पितोसुद्धा, हे एकालाही आठवलं नाही. मला नाही, लटारूला नाही, चांद्याहून आलेल्या त्या बूटवाल्या ओव्हरसिअरलाही नाही. त्यानं तर माझी पाठ थोपटली. पाळ फोडून गटार तलावात उतरवलं, आणि मला हार घातला.

त्या दसऱ्याला मी ओंजळ भरली तेव्हा वास आला. थोडासाच. गोठ्यात येतो तसा. गाव बघत होतं, पटका नवा होता, हाराची आठवण ताजी होती. मी गिळलं.

हिवाळाभर गावात हगवण फिरली. माझी बायको मनकर्णा आठ दिवस बाजेवरून उठली नाही. तलावाच्या अंगाला शेवटच्या घरात बशीर रंगारी राहायचा, त्याची बायको खैरुन महिनाभर आजारी होती, वाचेल असं वाटत नव्हतं. चैत्रात मासे पोट वर करून तरंगले. पाणी हिरवं आणि दाट झालं, त्यात पाय घातला तर नडगीला चिकटून यायचं.

मी गोंधळून गेलो. वीस-पंचवीस वर्षं हेच पाणी माझ्या खारीत येत होतं. त्यात मी रोवणी केली, त्यात उभं राहून भाकर खाल्ली, त्याचं धान गावभर गेलं, कोणाला काही झालं नाही. तिथे जे सोनं होतं ते इथे येऊन विष कसं झालं? माझ्या डोक्यात गाठ बसली आणि सुटेना. मनकर्णेला विचारलं तर ती म्हणाली, मी शाळा शिकलेली नाही, तुमच्या पटक्याला विचारा.

गावाला मात्र गोंधळ नको होता, गावाला माणूस हवा होता. आणि माणूस तयारच होता. बशीर लुगडी रंगवायचा, त्याच्या घरी रंगाच्या कढया, आणि त्याचं घर तलावाला लागून. लटारूनं सांगून टाकलं की बशीरचा रंग तलावात उतरतो. कोणीतरी म्हणालं, बशीर तर लाल रंगवतो, तलाव हिरवा झाला आहे. लटारू म्हणाला, लाल रंग पाण्यात सडला का हिरवा होते. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ही मान मला अजून जड वाटते.

दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागलं म्हणून मी बशीरकडे गेलो. त्यानं मला बसायला दिलं नाही, आधी घरामागे नेलं. तिथे त्यानं खोल खड्डा खणलेला होता, रंगाचं पाणी त्यात जिरायचं, आणि अंगणाला सभोवार त्यानंच घातलेला बुटका बांध होता. मी पाणकर, उतार बघितल्याशिवाय मला राहवत नाही. त्याच्या अंगणातून तलावाकडे थेंब जायला वाट नव्हती.

“वारलूभाऊ,” तो म्हणाला, “मीबी त्याच तलावाचं पानी पितो. माह्या घरची बाई महिनाभर उठली नाई. आपल्याच घागरीत कोन जहर घालते, सांगा मले.”

खैरुन दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

सत्तावन्नच्या भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी, दुपारी मोठा पाऊस आला. मी घोंगडी घेतली आणि गटाराच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. का गेलो ते माहीत नाही. डोक्यातली गाठ सुटत नसली की माझे पाय पाण्याकडे जातात. गटारातून आधी पालापाचोळा आला, मग बैलांचं शेण, मग बाजारातली सडकी वांगी, कोंबड्यांची आतडी, मेलेली घूस, आणि मग घरांमागचं ते सगळं. थांबेचना. पूर्वी हे सारं अर्धा कोस वळसा घेत, गवतातून, बांधी बांधीतून गाळत जायचं आणि जे उरायचं ते चिखलात मुरायचं. आता पक्क्या चुन्याच्या गटारातून ते घटकेत तलावात येत होतं, आणि दहा पावलांवर घाटाची पायरी होती. जमिनीनं खाल्लं तर खत. आपण प्यालो तर मरण. एवढं समजायला मला दीड वर्ष आणि खैरुनचा एक महिना लागला.

त्याच आठवड्यात पंचायत बसली. बशीरनं दसऱ्याच्या आत गाव सोडावं असं ठरत होतं. मी उभा राहिलो. बशीरच्या घराचा थेंबही तलावात जात नाही, दोष गटाराचा आहे, गटार बुजवा आणि पाणी पूर्वीसारखं खारीत जाऊ द्या, असं मी सांगितलं.

लटारू हसला.

“आता समजलं,” तो म्हणाला. “वारलूभाऊची खारी सुकून राह्यली, म्हनून गटार खराब झालं.”

सगळी सभा हसली. आणि खारी खरंच सुकत होती. आदल्या हंगामात धान निम्म्यावर आलं होतं. घरी येऊन मी ओट्यावर बसलो आणि स्वतःलाच विचारलं, वारल्या, तू हे तलावासाठी बोललास की खारीसाठी? आणि खरं सांगतो, मला कळेना. दोन्ही गोष्टी एकाच पाळीनं होत होत्या. मग आज्यानं ती पाळ कशासाठी घातली होती? गावाचं खत ओढून घ्यायला, की तलाव वाचवायला? आजा लोभी होता की शहाणा? बाप जिवंत असता तर विचारलं असतं. पण बापालाही ठाऊक नसणार, तो फक्त पटका छान बांधायचा.

मला राग आला. लटारूचा आला, आज्याचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. खारी माझी आहे तोवर माझं खरं कोणी खरं मानणार नाही, हे उघड होतं. मग खारीच नको. सकाळी उठलो आणि सरळ लटारूच्या घरी गेलो. म्हणालो, माझी खारी घे, तुझी मोहाच्या झाडाखालची मुरमाड बांधी दे. अदलाबदल.

लटारू माझ्याकडे बघतच राहिला. मला ताप तर नाही ना, असं त्यानं विचारलं. मग दोन दिवस तो खारीच्या चारही धुऱ्यांवरून फिरला, माती चाखली, कुठे भूत-पिशाच्च आहे का याची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी आरमोरीला जाऊन आम्ही कागद केला.

मनकर्णेनं माझ्याशी बोलणं टाकलं. ती शेळीशी बोलायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं. शेळीला तिनं सांगितलं की या घरात एकालाच अक्कल आहे आणि ती चार पायांवर चालते.

मला वाटलं होतं, खारी हातात आली की लटारू हावरेपणानं स्वतःच गटार फोडेल आणि पाणी खारीत घेईल. लोभाला काय, सांगावं लागत नाही. पण हा माझा दुसरा हिशेब, तोही चुकला. लटारू मला भेटला तेव्हा हळूच म्हणाला, दसरा होऊ दे, बशीर जाऊ दे, मग बघू गटाराचं. आताच गटार बुजवलं तर लोक म्हणतील, मग बशीरला का हाकललं? म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. कळूनही तो थांबला होता.

मी मोहाखालच्या मुरमात जाऊन बसलो. खारी गेली, बायको बोलेना, आणि बशीर जाणारच होता. असा सौदा करणारा माणूस मी उभ्या झाडीत पाहिला नाही.

दसऱ्याची सकाळ उजाडली. बशीरनं गाडी जुंपली होती. रंगाच्या कढया पालथ्या घालून बांधल्या होत्या, त्यावर गाठोडी, त्यावर खैरुन. घाटावरून वाट दिसायची, त्यामुळे गाडी सगळ्यांना दिसत होती आणि कोणी तिकडे बघत नव्हतं. गाव नेहमीसारखं पायऱ्यांवर जमलं. बायका घागरी घेऊन आल्या होत्या. तलाव हिरवागार होता, नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. पण उपशानं गेल्या आठवड्यात दोन्ही विहिरींचं पाणी खाली गेलं होतं, आणि रीत ती रीत.

लटारूनं मला खूण केली. जुना मानकरी आहेस, उतर खाली, असं तो म्हणाला. सवयीनं माझा पाय पायरीवर पडलाच होता, तेवढ्यात मागून मनकर्णेचा आवाज आला. तीन आठवड्यांत ती माणसांशी पहिल्यांदा बोलत होती.

“त्यायनं काऊन प्यावं?” ती म्हणाली. “ज्याची खारी त्याची ओंजळ. खारी घेतली का नाई सरपंचानं? मंग पहिली ओंजळ बी त्यायचीच.”

ती काही मोठं ठरवून बोलली नव्हती. खारी गेल्याचा राग होता, तो निघाला. पण बायकांत कुजबुज झाली, आणि एक म्हातारी म्हणाली, खरं आहे, रीत तीच आहे. पाठोपाठ आणखी दोघी बोलल्या. लटारू इकडेतिकडे बघू लागला.

तो खाली उतरला. हसत उतरला, पण शेवटच्या पायरीवर ते हसू राहिलं नाही. वाकून त्यानं दोन्ही हात पाण्यात घातले. वर काढले तेव्हा ओंजळीत हिरवं पाणी होतं आणि पाण्यात काहीतरी हलत होतं. त्यानं ओंजळ तोंडाजवळ नेली. तोंड मिटलेलंच राहिलं. त्याचे हात थरथरू लागले, आणि पाणी बोटांतून गळू लागलं.

मी हे आधी पाहिलं होतं. याच पायरीवर, असंच, आणि आम्ही पोरं हसलो होतो.

लटारूच्या बोटांतून सगळं पाणी गळून गेलं तरी तो तसाच वाकून उभा होता, रिकामे हात तोंडापुढे धरून. मग त्यानं हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि वर न बघता म्हणाला, “फावडं आना.”

दुपारपर्यंत गटाराचं तोंड फोडलं. आज्याची पाळ जिथे कापली होती तिथे पुन्हा माती भरली, आणि मी गुडघा लावून उंची दाखवली. लटारू अंगाला चिखल लागेपर्यंत खणत होता, कोणाच्या हातात फावडं देत नव्हता. त्या साली तलावाचं पाणी कोणी प्यालं नाही. विहिरी उपसून, गाळ काढून, रांगा लावून आम्ही उन्हाळा काढला.

बशीरची गाडी अजून वाटेवरच उभी होती. फावड्यांचा आवाज ऐकून त्यानं बैल थांबवले होते. लटारू तसाच चिखलाच्या पायांनी गाडीजवळ गेला. मी मागोमाग गेलो, कारण आता काय होतं ते मला ऐकायचं होतं.

“गाडी सोड,” लटारू म्हणाला. “बैलाच्या झुली रंगवाच्या हायेत, पोळ्यासाठी.”

“पोळा तं झाला, भाऊ,” बशीर म्हणाला. “महिना वर झाला.”

“पुढच्या पोळ्याच्या.”

बशीरनं खैरुनकडे पाहिलं. ती बराच वेळ तलावाकडे बघत बसली, मग गाडीवरून उतरली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली. लटारूनं एक कढई उचलून खाली ठेवली. माफी मागितलेली मी तरी ऐकली नाही.

संध्याकाळी सोनं वाटायला तो आमच्या दारी आला आणि आपट्याचं पान हातात देत म्हणाला, गटार चुकलं हे तो पहिल्यापासूनच म्हणत होता. मी हो म्हटलं. मनकर्णा आत शेळीला काहीतरी सांगत होती.

पुढच्या दसऱ्याला पाणी बरंच निवळलं होतं. लटारू ओंजळ प्याला. आदल्या दिवशी त्यानं पाळीवरून तीन चकरा मारल्या होत्या, हे मी मुरमाच्या बांधीवरून पाहिलं होतं. तरीही त्याचे हात कापत होते, आणि मागे पोरं हसत होती. मी एकाला चापट मारली.

आजा लोभी होता की शहाणा, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही असेल. पण तो म्हातारपणानं थरथरत नव्हता. गावाची घाण आपल्या शेतात घेऊन, गावाच्या आधी तलावाचं पाणी तो पीत होता, आणि पाळ कुठे गळली तर नसेल ना, याची त्याला भीती वाटत होती. मी चोवीस दसरे ती ओंजळ प्यालो. माझा हात एकदाही कापला नाही.